मोठ्या कुत्र्यांतील हाडाचा कर्करोग : शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची शुश्रूषा

शेतकऱ्याच्या घरच्या जनावरांत कुत्र्याची गणना सहसा होत नाहीं. बैल, गाय, म्हैस, शेळी यांच्या रोगांवर आपल्या मासिकांत लेख येतात, लस टोचून घेण्याविषयीं सूचना येतात. पण रात्रभर गोठ्याभोंवतीं फिरून या सर्वांची राखण करणारें जें जनावर, त्याच्या दुखण्याविषयीं कोणी फारसें लिहीत नाहीं. आमच्या जुन्नर तालुक्यांत उसाच्या फडांत बिबट्यानें ठाण मांडल्यापासून वस्तीवर मोठा कुत्रा असणें ही हौस राहिली नसून गरज झाली आहे. पण कुत्रा अंगानें जितका मोठा, तितका एका रोगाचा धोका त्यास अधिक असतो. तो रोग म्हणजे हाडाचा कर्करोग.

हा रोग मला माझ्याच अंगणांत पाहावा लागला. त्यावर शस्त्रक्रिया करवावी लागली आणि नंतरची शुश्रूषा आम्हां घरच्या माणसांनींच केली. मी वैद्य नव्हें. महसूल खात्यांत बत्तीस वर्षें कारकुनी करून निवृत्त झालेला मनुष्य आहें. परंतु नोंद ठेवण्याची संवय अंगीं मुरलेली असल्यामुळें रोजची हकीकत वहींत लिहून ठेविली होती. ती वही आणि पशुवैद्यांनीं वेळोवेळीं समजावून दिलेली माहिती, या दोहोंच्या आधारें हा लेख लिहीत आहें.

आरंभींची चूक

आमचा वाघ्या अल्सेशियन जातीचा, वय आठ वर्षें, वजन अडतीस किलो. कार्तिकांत तो पुढच्या डाव्या पायानें किंचित् लंगडूं लागला. उसाच्या सरींत पाय मुरगळला असेल, असें समजून आम्हीं आंबेहळद व रक्तबोळ यांचा लेप घातला. तीन दिवसांनीं लंगडणें कमी झालें, आठ दिवसांनीं पुनः सुरू झालें. मग शेजारच्या गांवचे हाड बसविणारे एक गृहस्थ आले. त्यांनीं पाय चोळला, कामट्या बांधल्या आणि एकवीस दिवस पट्टा सोडूं नये असें सांगितलें. पट्टा सोडला तेव्हां मनगटाच्या वर कवठाएवढी घट्ट सूज दिसली. तिला हात लावतांच वाघ्या घरच्या माणसांवर जन्मांत प्रथमच गुरगुरला. तालुक्याच्या पशुवैद्यांनीं पाय पाहिला आणि "हें मुरगळणें नव्हे, आजच पुण्यास न्या", एवढेंच सांगितलें.

एकूण पांच आठवडे आम्हीं घालविले. यांत हाड बसविणाऱ्याचा दोष नाहीं; त्यास बोलाविणारे आम्हीच होतों. वाचकांनीं मात्र ही गोष्ट ध्यानांत ठेवावी कीं, मुरगळलेला पाय दिवसेंदिवस बरा होत जातो. जें लंगडणें विश्रांति देऊनहि दोन आठवड्यांत जात नाहीं, किंवा जाऊन पुनः येतें, त्यावर लेप घालीत बसूं नये. शिवाय रोगानें पोखरलेलें हाड चोळल्यानें किंवा उडी मारल्यानें एकाएकीं मोडण्याचा संभव असतो. आमचें दैव बरें म्हणून तसें झालें नाहीं.

रोगाचें स्वरूप

वैद्यकांत या रोगास ऑस्टिओसार्कोमा असें नांव आहे. कुत्र्यांच्या हाडांतच मूळ धरणारे जे कर्करोग, त्यांपैकीं शेंकडा पंचाऐंशींच्या सुमारास याच प्रकारचे असतात. ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, रॉटवायलर, ग्रेहाउंड, डॉबरमन, अल्सेशियन अशा मोठ्या जातींत व त्यांच्या संकरांत तो विशेषेंकरून आढळतो. लहान चणीच्या कुत्र्यांत क्वचित्. वय बहुधा सात-आठ वर्षें किंवा त्याहून अधिक असतें. तथापि दीड-दोन वर्षांच्या तरण्या कुत्र्यांतहि तो कधीं कधीं दिसतो. पुढच्या पायांत तो मागच्या पायांच्या जवळजवळ दुपटीनें होतो. त्याच्या नेहमींच्या जागा ठरलेल्या आहेत : पुढच्या पायांत मनगटाच्या वर किंवा खांद्याजवळ, मागच्या पायांत गुडघ्याच्या वर किंवा खालीं.

या रोगांत हाड आंतून खाल्लें जातें आणि त्याच जागीं वेडेंवाकडें, निःसत्त्व असें नवें हाड वाढतें. वाळवीनें खाल्लेला वासा बाहेरून जाड दिसावा, पण भार पडतांच मोडावा, तशी त्या हाडाची स्थिति होते. वेदना अत्यंत होतात. परंतु कुत्रा त्या बोलून दाखवीत नाहीं. तो पाय उचलून धरतो, निजण्याची जागा पुनः पुनः बदलतो, जेवण अर्धें टाकतो, आणि माणसांपासून दूर जाऊन बसतो.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. रोगाचें बीज रक्तावाटे फुप्फुसांत लवकर जातें. निदानाच्या वेळीं छातीच्या छायाचित्रांत तें दिसून येणारे कुत्रे शंभरांत दहा-पंधराहून कमी असतात. परंतु डोळ्यांस न दिसणारें सूक्ष्म बीज मात्र शंभरांपैकीं नव्वदांत अगोदरच पोंचलेलें असतें. आपल्याकडील बैलांच्या शिंगाचा कर्करोग पुष्कळांनीं पाहिला असेल. तेथें वेळीं शिंग मुळापासून काढलें, तर बैल बरा होऊन पुनः औतास लागल्याचीं उदाहरणें आहेत. हाडाच्या रोगांत तशी आशा धरून चालत नाहीं. हा भेद ज्यास कळला, त्यास पुढील निर्णय करणें सोपें जातें.

हाच रोग वाढत्या वयाच्या मुलांच्या हाडांतहि होतो, आणि कुत्र्यांवरील उपचारांतून मिळालेल्या ज्ञानाचा त्यांस उपयोग झालेला आहे. मिफामुर्टाइड नांवाचें जें औषध २००९ सालीं युरोपांत या रोगावर मान्य झालें, त्याची परीक्षा त्यापूर्वीं याच रोगानें पीडलेल्या कुत्र्यांवर झाली होती.

निदान

प्रथम पायाचें क्ष-किरण छायाचित्र काढतात. त्यांत हाड खाल्लेलें दिसतें. रोग सांध्याच्या एकाच बाजूस राहतो, सांधा ओलांडून सहसा जात नाहीं. ही खूण वैद्य पाहतात. नंतर सुईनें हाडांतील अंश काढून सूक्ष्मदर्शकाखालीं तपासतात, कारण बुरशीमुळें होणारा हाडाचा रोगहि कधीं कधीं असाच दिसतो. छातीचीं छायाचित्रें दोन्ही कुशींवर व पाठीवर निजवून अशीं तीन काढावींत. एकांत न दिसणारी गांठ दुसऱ्यांत दिसते. रक्ताच्या तपासणींत मूत्रपिंडें व यकृत यांची स्थिति कळते. अल्कलाइन फॉस्फेटेज नांवाच्या द्रव्याचें प्रमाण वाढलेलें असेल, तर रोग अधिक जोराचा समजावा.

आपल्याकडे आणखी एक तपासणी अवश्य करवावी. गोचिडांमुळें येणाऱ्या तापांत रक्त गोठविणाऱ्या पेशी कमी होतात, आणि अशा कुत्र्यावर शस्त्र चालविल्यास रक्तस्राव आवरत नाहीं. वाघ्याच्या रक्तांत या पेशी कमी निघाल्या. त्यामुळें आधीं गोचीडतापावर औषध देऊन शस्त्रक्रिया आठ दिवस पुढें ढकलावी लागली. वस्तीवरचा कुत्रा गोचिडांपासून मुक्त ठेवणें किती अगत्याचें आहे, तें त्या आठ दिवसांत आम्हांस समजलें.

निर्णय

पुण्याच्या शल्यवैद्यांनीं आम्हांस समोर बसवून सर्व गोष्टी आडपडदा न ठेवतां सांगितल्या. पाय तसाच ठेवला तर वेदना वाढत जातात, आणि बहुतेक कुत्र्यांस थोड्याच महिन्यांत निरोप द्यावा लागतो. केवळ पाय काढला तर वेदनेचें मूळ जातें, परंतु निम्मे कुत्रे चार-पांच महिन्यांच्या आंत फुप्फुसांतील रोगानें जातात. पाय काढून नंतर शिरेंतून कर्करोगाचें औषध दिलें, तर निम्मे कुत्रे दहा ते बारा महिने जगतात, आणि पांचांपैकीं सुमारें एक दोन वर्षें गांठतो. ज्या कुत्र्यांचा पाय काढतां येत नाहीं, त्यांस किरणांचा उपचार देऊन कांहीं काळ वेदना कमी करतां येते. मात्र ती सोय थोड्याच ठिकाणीं आहे.

घरीं आल्यावर वाद झाला. धाकटे बंधु म्हणाले, "दादा, एका पायापायीं दुभत्या म्हशीची किंमत घालवावयाची, आणि एवढें करून तो वर्षभर जगेल याचा भरंवसा नाहीं. हा कोठला हिशेब ?" त्यावर आमच्या घरांतून उत्तर आलें, "भाऊजी, आठ वर्षें तो जागला म्हणून आपण निजलों. आतां त्याला रात्रभर कण्हत ठेवून आपण निजायचें का ?"

बंधूंचें म्हणणें खोटें नव्हतें. पुढल्या वर्षींच्या बेण्यासाठीं व खतासाठीं ठेविलेली रक्कम त्यांत जाणार होती. मला स्वतःला तर निराळीच शंका होती. एवढें थोरलें जनावर तीन पायांवर कसें उभें राहील, आणि त्या स्थितींत त्यास लाज किंवा दुःख वाटेल कीं काय, या विचारानें दोन रात्रीं झोंप आली नाहीं. शल्यवैद्यांनीं माझी समजूत घातली. ते म्हणाले कीं, कुत्र्यास आपल्या रूपाची लाज नसते. त्यास फक्त दुखतें किंवा दुखत नाहीं. ज्या पायावर तो महिनाभर भार देत नाहीं, तो पाय त्याच्या लेखीं गेलेलाच आहे. राहिली आहे ती केवळ वेदना.

मात्र प्रत्येक कुत्रा या शस्त्रक्रियेस योग्य असतोच असें नाहीं. उरलेले तीन पाय निकोप हवेत. कमरेचे सांधे झिजलेले असतील, पाठीच्या कण्याचें दुखणें असेल किंवा अंगावर चरबी फार असेल, तर आधीं विचार करावा. ज्यांस हा खर्च झेपत नाहीं, त्यांनीं मनास लावून घेऊं नये. पुरेसें वेदनाशामक औषध देऊन, योग्य वेळीं वैद्याकडून वेदनारहित अंत करविणें यांतहि दया आहे. दोष आहे तो एकाच गोष्टींत : कांहींच न करतां त्यास कण्हत ठेवण्यांत. आम्हीं शस्त्रक्रिया करविण्याचें ठरविलें. पण आम्ही वाघ्याचा प्राण वांचविण्यास निघालों नव्हतों. त्याची वेदना काढण्यास निघालों होतों.

घरची तयारी

कुत्रा दवाखान्यांत असतांनाच घरची तयारी करून ठेवावी.

एक, जमीन. शहाबादी फरशी तीन पायांच्या कुत्र्याचा शत्रु आहे. एकदां पाय घसरून तो पडला, म्हणजे भय बसतें आणि पुढें तो उठण्यास कांकूं करतो. आम्हीं पडवीपासून दारापर्यंत तरट पसरून त्याच्या कडा खिळ्यांनीं पक्क्या केल्या. नखें काढावीं व पंजाच्या गादींमधील केंस कापावे. पकड चांगली येते.

दोन, अंथरूण. जाड गोधड्यांची दुहेरी घडी घालून वर धुतां येईल असें जुनें लुगडें पसरावें.

तीन, भांडें. पुढचा पाय गेलेल्या कुत्र्यास मान खालीं घालून खातांना तोल सांवरत नाहीं. पाण्याचें व अन्नाचें भांडें छातीच्या उंचीपर्यंत उचलून ठेवावें. आम्हीं एक उपडा डबा घेतला.

चार, आधाराचा पट्टा. रुंद उपरणें किंवा जाड टॉवेल छातीखालून घेऊन दोन्ही टोकें वर धरलीं, म्हणजे कुत्र्यास उभें राहण्यास आधार मिळतो. उचलण्याचें काम माणसानें करूं नये. फक्त तोल सांवरावा.

पांच, रात्रीची जागा. आमच्या भागांत हें सर्वांत महत्त्वाचें. तीन पायांचा कुत्रा बिबट्यापासून पळूं शकत नाहीं. त्यास सूर्यास्तापासून उजाडेपर्यंत बंद दाराच्या आंत ठेवावें.

शस्त्रक्रिया

पुढच्या पायाचा रोग असल्यास खांद्याच्या पात्यासह संपूर्ण पाय काढतात. मागच्या पायाचा असल्यास खुब्याच्या सांध्यापासून किंवा मांडीच्या वरच्या भागांतून काढतात. अर्धवट थोटूक कां ठेवीत नाहींत, असें मीं विचारलें. थोटूक जमिनीवर घासून त्यास जखमा होतात व चालण्यांत अडथळा येतो, असें उत्तर मिळालें. काढलेल्या हाडाचा अंश पुनः तपासणीस पाठवावा. त्यावरून रोगाचा निश्चित प्रकार ठरतो.

आदल्या रात्रीपासून अन्न बंद ठेविलें. शस्त्रक्रिया सुमारें दोन तास चालली. दुसऱ्या दिवशीं दुपारीं वाघ्या उपरण्याच्या आधारानें उभा राहिला, आणि तिसऱ्या दिवशीं पिक-अप गाडींत गादी घालून आम्ही त्यास घरीं आणिलें. गाडींतून उडी मारूं देऊं नये. फळी तिरपी लावून तीवर तरट बांधावें.

पहिला पंधरवडा

हा काळ घरच्या माणसांच्या कसोटीचा. पहिल्या रात्रीं वाघ्या पहांटेपर्यंत विव्हळत होता. आम्हीं केलें तें चुकलें, असें मला त्या रात्रीं निश्चित वाटलें, आणि तसें वहींत लिहिलेंहि आहे. सकाळीं दूरध्वनीवरून वैद्यांस विचारलें. दवाखान्यांत दिलेल्या कडक औषधांचा अंमल उतरतांना कुत्रा गोंधळून असा आवाज करतो, तें प्रत्येक वेळीं दुखण्याचें लक्षण नसतें, असें त्यांनीं सांगितलें. वेदनाशामक औषधाची वेळ मात्र चुकवूं नये, असें बजाविलें. चौथ्या दिवशीं पहांटे मी जागा झालों, तों अंथरूण रिकामें. वाघ्या आपला आपण उठून, तरटावरून चालत पडवीच्या टोकाशीं गेला होता आणि गोठ्याकडे तोंड करून उभा होता. त्यानंतर मला तशी शंका आली नाहीं.

जखमेच्या भोंवतीं व छातीखालीं त्वचा काळीनिळी पडते. तें साकळलेलें रक्त असून आठ-दहा दिवसांत जिरतें. जखमेच्या खालच्या बाजूस मऊ, पाण्यासारखी सूज कधीं येते. ती घरीं सुईनें फोडूं नये, वैद्यास दाखवावी. जखम चाटूं देऊं नये. त्यासाठीं गळ्याभोंवतीं नरसाळ्याच्या आकाराचा पट्टा मिळतो, तो टांके निघेपर्यंत काढूं नये. टांके दहा ते चौदा दिवसांनीं काढतात. त्या काळांत केवळ शौचापुरतें बाहेर न्यावें, तेंहि गळ्यांत दोरी ठेवून. पहिले तीन-चार दिवस शौचास झालें नाहीं, तरी घाबरूं नये. लघवी मात्र दिवसभर झाली नाहीं, तर वैद्यास कळवावें.

कुत्र्याच्या अंगाची उष्णता नेहमीं १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ती १०३ च्या वर गेली, जखमेतून पू आला, टांके उसवले, हिरड्या पांढऱ्या पडल्या, श्वास जोरानें चालूं लागला किंवा दोन दिवस अन्न सुटलें, तर वाट पाहूं नये.

वेदनाशामक औषधें

मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेन या औषधांपैकीं एक वजनाप्रमाणें मोजून, पोटांत अन्न असतांना देतात. मज्जातंतूंच्या दुखण्यासाठीं गॅबापेन्टिन कांहीं आठवडे देतात. कारण काढलेल्या पायाच्या जागीं पाय असल्याचा व दुखत असल्याचा भास कुत्र्यासहि होत असावा, असें मानतात. वाघ्या दहाव्या दिवसापर्यंत मधूनच दचकून त्या बाजूकडे पाहत असे. पुढें तें थांबलें.

माणसाच्या गोळ्या कुत्र्यास देऊं नयेत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनीं त्याच्या जठरास व्रण पडतात व मूत्रपिंडें बिघडतात. पॅरासिटामॉलहि आपल्या मतानें देऊं नये. डायक्लोफिनॅकवर जनावरांच्या उपचारासाठीं भारतांत २००६ सालीं बंदी आली, ती निराळ्या कारणानें. तें औषध दिलेलीं गुरें मेल्यावर त्यांचें मांस खाऊन गिधाडें मरत होतीं. परंतु माणसांच्या औषधाच्या दुकानांत तें मिळत असल्यामुळें अजून कोणी कोणी जनावरास देतात. एकाच वर्गाचीं दोन वेदनाशामकें एका वेळीं देऊं नयेत. शौच काळें झालें किंवा उलट्या होऊं लागल्या, तर औषध थांबवून वैद्यास विचारावें.

चालणें व वजन

कुत्र्याच्या अंगाचा शेंकडा साठ भार पुढच्या पायांवर असतो. म्हणून पुढचा पाय गेलेल्या कुत्र्यास मागचा पाय गेलेल्यापेक्षां जुळवून घेण्यास अधिक वेळ लागतो. उरलेला पुढचा पाय मध्यावर आणून, थोड्या थोड्या झेपा टाकीत तो चालतो. टांके निघाल्यावर पांच मिनिटांपासून आरंभ करावा आणि दर आठवड्यास पांच मिनिटें वाढवावीं. धांपा टाकून बसला तर परत फिरावें, ओढूं नये. सहाव्या आठवड्यांत वाघ्या बांधापर्यंत जाऊन येऊं लागला, आणि तिसऱ्या महिन्यांत वानरांवर धांवला.

अंगावर चरबी चढूं देणें हा प्रेमाचा अत्यंत वाईट प्रकार आहे. चार पायांचा भार तीन पायांवर आलेला असतो. बोटांस फासळ्या सहज लागाव्यात, इतपतच वजन ठेवावें. पाहुण्यांनीं दिलेली पोळी व जिलबी आम्हीं बंद केली. त्यावरून दोन सोयरे रुसले.

शिरेंतून द्यावयाचें औषध

टांके निघण्याच्या सुमारास कार्बोप्लॅटिन नांवाचें औषध सुरू केलें. तें शिरेंतून, तीन-तीन आठवड्यांच्या अंतरानें बहुधा चार ते सहा वेळां देतात. वाघ्यास चार वेळां दिलें. माणसांप्रमाणें कुत्र्यांचे केंस सहसा गळत नाहींत. एक-दोन दिवस अन्नावर वासना राहत नाहीं. खरा धोका सातव्या ते चौदाव्या दिवसांत असतो. त्या वेळीं रक्तांतील पांढऱ्या पेशी उतरतात व साधा संसर्गहि जोर धरतो. दुसऱ्या खेपेनंतर नवव्या दिवशीं वाघ्यास १०४ अंश ताप आला. त्याच दिवशीं नेल्यामुळें दोन दिवसांच्या उपचारानें तो उतरला. प्रत्येक खेपेपूर्वीं रक्ताची तपासणी झालीच पाहिजे.

औषध दिल्यावर निदान तीन दिवस त्याची लघवी व शौच रबरी हातमोजे घालून उचलावें आणि त्या जागीं भरपूर पाणी ओतावें. गरोदर स्त्रियांनीं व लहान मुलांनीं त्यास हात लावूं नये. वैरण व गुरांचें पाणी यांपासून त्यास दूर ठेवावें.

वहीचा उपयोग

अमेरिकेंतील पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनीं आजारी जनावराची स्थिति मोजण्याची एक रीत घालून दिली आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाइटांपेक्षां चांगले दिवस अधिक आहेत कीं काय, अशा सात बाबींस प्रत्येकीं शून्य ते दहा गुण द्यावयाचे. बेरीज पस्तिसांच्या वर असेल, तर शुश्रूषा चालू ठेवण्यास हरकत नाहीं. मला ही रीत आमच्या खात्यांतील तक्त्यांसारखी वाटली, आणि मीं ती उचलली. रोज रात्रीं एक ओळ. शिवाय, शेवट कधीं करावयाचा हें आम्हीं शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच महिन्यांत, वाघ्या उत्तम असतांना, वैद्यांच्या समोर ठरवून टाकिलें : तीन दिवस लागोपाठ बेरीज पस्तिसांच्या खालीं आली, तर चौथा दिवस काढावयाचा नाहीं. मन शांत असतांना केलेला ठरावच दुःखाच्या वेळीं उपयोगी पडतो.

दहाव्या महिन्यांत वाघ्यास कोरडा खोकला सुरू झाला. छायाचित्रांत फुप्फुसांवर वाटोळ्या छाया दिसल्या. आणखी तीन आठवडे तो जेवत होता, दाराच्या आंतून भुंकत होता. मग बेरीज तेहतीस आली, एकोणतीस आली, सव्वीस आली. चौथ्या दिवशीं सकाळीं पशुवैद्य वस्तीवर आले. वाघ्या गोठ्याच्या दारांत उन्हांत पडला होता. तेथेंच, घरच्या माणसांचा हात अंगावर असतां, त्यास सुई देण्यांत आली. चिंचेखालीं खड्डा बंधूंनीं स्वतः खणला.

वहींतील हिशेब असा आहे. शस्त्रक्रियेपासून एकूण दिवस ३१४. त्यांपैकीं पस्तिसांच्या खालचे ३७, वरचे २७७. हे आंकडे मीं बंधूंस वाचून दाखविले. ते कांहीं बोलले नाहींत. परंतु यंदा त्यांच्या कुत्रीनें पाय उचलून धरला, तेव्हां लेप न घालतां ते तिला तिसऱ्याच दिवशीं दवाखान्यांत घेऊन गेले. पायांत बाभळीचा कांटा निघाला.

सारांश

१. मोठ्या कुत्र्याचें लंगडणें दोन आठवड्यांत गेलें नाहीं, तर छायाचित्र काढावें. चोळणें व कामट्या बांधणें टाळावें.

२. शस्त्रक्रियेपूर्वीं छातीचीं तीन छायाचित्रें, मूत्रपिंडांची व गोचीडतापाची तपासणी अवश्य करवावी.

३. पाय काढणें हा वेदनेवरील उपाय आहे, रोग समूळ घालविण्याचा नव्हे. निर्णय करतांना किती दिवस मिळतील याच्याआधीं ते कसे जातील, हें विचारावें.

४. घसरडी जमीन झांकावी, भांडें उंच ठेवावें, वजन वाढूं देऊं नये, रात्रीं आंत ठेवावें.

५. माणसाच्या गोळ्या देऊं नयेत. वैद्यानें दिलेल्या औषधाची वेळ चुकवूं नये.

६. रोजची नोंद ठेवावी, आणि शेवटाचा नियम कुत्रा बरा असतांनाच ठरवावा.